उबुंटू सर्व्हर २४.०४ आणि पोस्टग्रेस १६ : दूरच्या जोडणीच्या कसोटीवर

लिनक्सचे एखादे वितरण, म्हणजे त्या कार्यप्रणालीची बांधून दिलेली आवृत्ती, नुसते बसवून ठेवले, तर ते चांगले की वाईट हे फारसे कळत नाही. त्यावर डेटाबेस चालवून तो दुसऱ्या यंत्रावरून वापरायला घेतला, की त्याचे गुणदोष भराभर बाहेर पडू लागतात. एप्रिल २०२४ मध्ये आलेली उबुंटू सर्व्हरची २४.०४ ही दीर्घ पाठबळाची आवृत्ती आणि तिच्याच सॉफ्टवेअर-भांडारातून मिळणारा पोस्टग्रेसक्यूएल १६ हा डेटाबेस (थोडक्यात पोस्टग्रेस) या जोडीचे परीक्षण इथे त्याच एका कसोटीवर केले आहे. वेगाच्या मोजण्या आणि इतर वितरणांशी गुणांची स्पर्धा यांत पडलेलो नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही जोडी हातात येते ती बाहेरच्या जोडण्यांसाठी बंद अवस्थेत, आणि हे बंद असणे विचारपूर्वक आहे. उघडायला बसल्यावर बहुतेक अडथळे आपले नाव स्पष्टपणे सांगतात, ही तिची मोठी जमेची बाजू. खोट अशी की काही मोजक्या ठिकाणी ती चूक मुकाट्याने पोटात ठेवते आणि भलत्याच वेळी बाहेर काढते.

पाठबळाचा हिशेब समाधानकारक आहे. या आवृत्तीला पाच वर्षे नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मिळते आणि उबुंटू प्रो घेतल्यास ती मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत प्रो मोफत आहे. खुद्द पोस्टग्रेसचा विकसक-समुदाय प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळतो, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १६ ची मुदत नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे.

इन्स्टॉलर अक्षरांच्या पडद्यावर चालतो, माउस लागत नाही, आणि सरावलेल्या माणसाला त्यात अडखळण्यासारखे काही नाही. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क, डिस्क, युजर, एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याची सोय) अशा क्रमाने तो पुढे सरकतो. एसएसएचच्या पडद्यावर गिटहब किंवा लाँचपॅड या संकेतस्थळांवरच्या खात्यातून सार्वजनिक किल्ली (पासवर्डाऐवजी ओळख पटवणारी फाइल) थेट आणता येते, ही सोय मला फार आवडते, कारण त्यामुळे सर्व्हर जन्मापासूनच पासवर्डावाचून चालू शकतो. शेवटी स्नॅपची, म्हणजे तयार सॉफ्टवेअर-पुड्यांची, एक यादी पुढे येते. डेटाबेससाठी सर्व्हर उभारणाऱ्याने ती बिनदिक्कत ओलांडावी.

डिस्कच्या पडद्यावर मात्र थांबणे भाग आहे. 'पूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडला, की इन्स्टॉलर एलव्हीएमची (डिस्कची जागा गटात ठेवून हवी तशी वाटण्याच्या पद्धतीची) मांडणी करतो आणि मूळ विभागाला सगळी जागा न देता तिचा एक भागच देतो. मध्यम आकाराच्या डिस्कवर तो साधारण निम्मा असतो. उरलेली जागा वाया जात नाही, ती गटात राखीव राहते आणि पुढे वाढवून घेता येते. पण हे तो ठळकपणे सांगत नाही, आकड्यांच्या तक्त्यात दाखवून पुढे निघून जातो. पोस्टग्रेसची सगळी सामग्री 'व्हार' निर्देशिकेखाली, म्हणजे याच मूळ विभागात बसते. विभाग भरला आणि व्यवहारांची नोंदवही लिहायला जागा उरली नाही, तर डेटाबेस चक्क बंद पडतो, आणि त्या वेळी शेजारीच तितकीच जागा रिकामी पडलेली असते. तक्त्यातला आकार तिथेच वाढवून घेण्याचे काम मिनिटाचेही नाही. मूळ निवड अशी का ठेवली आहे हे समजू शकते, कारण राखीव जागेतून स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती, घेता येतात. पण एक ठळक वाक्य लिहायला काय हरकत होती?

नेटवर्कची मांडणी नेटप्लॅन या साधनाकडे आहे. डेटाबेसच्या सर्व्हरला कायमचा पत्ता हवा आणि तो दुरून बदलताना हात थरथरतो, कारण एक आकडा चुकला की सर्व्हरशी संबंधच तुटतो. नेटप्लॅनची 'ट्राय' ही आज्ञा या प्रसंगासाठीच आहे: ती नवी मांडणी लागू करते आणि १२० सेकंदांत तुम्ही दुजोरा दिला नाही, तर जुनी परत आणते. इतकी समंजस सोय याच वितरणाच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) नाही, याची खंत पुढे येणारच आहे.

एसएसएचविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण डेटाबेसची सुरक्षितता शेवटी तिच्यावरच उभी आहे. पहिली म्हणजे मुख्य फाइलमध्ये पासवर्डने प्रवेश बंद केला, तरी तो चालूच राहू शकतो. जोडफाइलींच्या निर्देशिकेत '५० क्लाउड-इनिट' नावाची एक छोटी फाइल पुष्कळदा असते आणि तिच्यात पासवर्डला परवानगी लिहिलेली असते. मुख्य फाइल या जोडफाइली अगदी वरच वाचून घेते आणि एसएसएच पहिल्यांदा सापडलेले मूल्य धरते. त्यामुळे खाली लिहिलेल्या तुमच्या 'नाही'ला काहीच किंमत राहत नाही. प्रत्यक्षात काय लागू आहे ते 'एसएसएचडी'ला मोठ्या 'टी'चा पर्याय देऊन छापून घ्यावे, फाइलवर विश्वास ठेवू नये. दुसरी गोष्ट अशी की या आवृत्तीत एसएसएचचा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचे सॉकेट, म्हणजे ऐकण्याची जागा, सांभाळते, म्हणून पोर्ट बदलल्यावर सिस्टिमडीला आधी नवी मांडणी वाचायला लावून मग ते सॉकेट पुन्हा सुरू करावे लागते. जुन्या सवयीने नुसती सेवा रीस्टार्ट करणाऱ्याला इथे कोड्यात पडायला होते.

आता डेटाबेस. ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने पोस्टग्रेस बसवला, की तो विचारणा न करता सुरू होतो, पण त्याचे कान फक्त स्वतःच्याच यंत्राकडे असतात. ५४३२ हा पोर्ट १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडा दिसतो, बाहेरच्या पत्त्यावर नाही. पहिला युजर तयार करताना पासवर्ड थेट आज्ञेत लिहू नये, तो आज्ञांच्या इतिहासात आणि लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींत) उरू शकतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा-साधनातली पासवर्डची खास आज्ञा तो टाइप करून घेते आणि त्याचे रूपांतर करूनच सर्व्हरकडे पाठवते. तसेच नव्या युजरलाच डेटाबेसचा मालक करावे. पोस्टग्रेस १५ पासून 'पब्लिक' स्कीमात (तक्त्यांच्या सामाईक कप्प्यात) कोणालाही तक्ते बनवण्याची मुभा काढून घेतलेली आहे, आणि जुन्या लेखांबरहुकूम चालणाऱ्यांना जोडणी यशस्वी झाल्यावर पहिल्याच तक्त्याला नकार मिळतो तो यामुळेच.

बाहेरून जोडणी चालू करायची, तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी होकार मिळवावा लागतो: पोस्टग्रेसने बाहेरच्या पत्त्यावर ऐकायला हवे, त्याच्या 'पीजी-एचबीए' या प्रवेश-नियमांच्या फाइलमध्ये त्या पाहुण्याची, म्हणजे बाहेरून जोडणाऱ्या यंत्राची, ओळ हवी, आणि फायरवॉलने वाट द्यायला हवी. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अनेकांना हा जाच वाटतो. मला ही या जोडीची सर्वांत चांगली गोष्ट वाटते, कारण एका जागी हात घसरला तरी उरलेल्या दोन जागा शाबूत राहतात.

पहिला होकार 'लिसन-ॲड्रेसेस' या ओळीतून मिळतो, आणि गैरसमज सर्वाधिक इथेच होतात. या ओळीत सर्व्हरचा स्वतःचा पत्ता लिहायचा असतो. ज्याला आत घ्यायचे त्याचा नव्हे. पाहुण्याचा पत्ता लिहिला, तर पोस्टग्रेसला तो आपल्या यंत्रावर सापडत नाही, सॉकेट बांधता येत नाही आणि तो सुरूच होत नाही. हे सारे त्याच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेले असते. पण सवयीने सिस्टिमडीला सेवेची स्थिती विचारली, तर उत्तर येते हिरव्या अक्षरांत: 'ॲक्टिव्ह', आणि पुढे कंसात 'एक्झिटेड'. कारण 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाची ती सेवा केवळ छत्रीसारखी आहे. खरे काम '१६-मेन' हे शेपूट लावलेली दुसरी सेवा करते. डेटाबेस मेलेला आणि दर्शनी पाटी हिरवी, ही रचना नवख्याला तासभर घुमवू शकते. त्यापेक्षा 'पीजी-एलएसक्लस्टर्स' ही आज्ञा चालवावी; ती एका ओळीत आवृत्ती, पोर्ट आणि 'ऑनलाइन' की 'डाउन' हे सांगून मोकळी होते. ही आज्ञा डेबियन-उबुंटू परंपरेची देणगी आहे आणि तिचे कौतुक व्हावे तेवढे थोडे.

ओळीत तारांकन लिहून सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावणे सोपे, आणि पुढचे दोन होकार काटेकोर असतील तर ते अगदीच गैरही नाही. स्थानिक पत्त्याच्या जोडीला खासगी जाळ्यातला एकच पत्ता लिहिणे अधिक चांगले, पण त्यात एक मेख आहे: यंत्र सुरू होताना तो पत्ता अजून उगवलेला नसेल, उदाहरणार्थ तो व्हीपीएनचा (खासगी आभासी जाळ्याचा) असेल, तर पोस्टग्रेस इशारा नोंदवून फक्त स्थानिक पत्त्यावर सुरू होतो. लॉगमधल्या त्या इशाऱ्यापलीकडे तक्रार कुठेच नाही, जोडणीही नाही. सेवांचा क्रम ठरवून देण्याचे काम अशा वेळी आपल्यालाच करावे लागते. ही ओळ बदलल्यावर रीस्टार्ट अटळ आहे, नुसते रीलोड (न थांबवता मांडणी पुन्हा वाचायला लावणे) पुरत नाही.

दुसरा होकार 'पीजी-एचबीए'चा. प्रत्येक ओळीत जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्त्याचा पट्टा आणि ओळख पटवण्याची पद्धत असते. वरून खाली वाचताना जुळणारी पहिली ओळच धरली जाते आणि ती नापास झाली, तर पुढची पाहिली जात नाही. पाहुण्याचा एकच पत्ता द्यायचा, तर त्यामागे /३२ लिहावे. जालावरचे बहुतेक लेख इथे ०.०.०.०/० लिहायला सांगतात, म्हणजे साऱ्या जगाला. त्या सल्ल्याला थारा देऊ नये. पद्धत म्हणून 'स्क्रॅम-शा-२५६' हीच ठेवावी, १४ व्या आवृत्तीपासून पासवर्ड साठवण्याची ती मूळ निवड आहे. १६ मध्ये या फाइलला दुसऱ्या फाइली जोडण्याची सोय आली असून, अनेक पाहुणे असलेल्या सर्व्हरवर ती उपयोगी पडते.

या फाइलचे एक वागणे मात्र मला धोक्याचे वाटते. बदल करून रीलोड केले आणि एखाद्या ओळीत चूक असली, तर पोस्टग्रेस नवी फाइल नाकारतो, जुने नियम चालू ठेवतो आणि फक्त लॉगमध्ये तसे लिहितो. चालू सेवा बंद पडू न देण्याचा हेतू योग्यच आहे. पण ती चुकीची ओळ तशीच बसून राहते आणि पुढच्या रीस्टार्टला पोस्टग्रेस उठतच नाही. आता हे लक्षात घ्या, की उबुंटूत सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसवणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून चालू असते आणि पोस्टग्रेसची दुरुस्ती आली, की ती तो रीस्टार्ट करते. म्हणजे आज झालेली टंकनाची चूक काही आठवड्यांनी, कोणी सर्व्हरला हातही लावलेला नसताना, पहाटे डेटाबेस बंद पाडू शकते. उपाय हाताशी आहे: 'पीजी-एचबीए-फाइल-रूल्स' हे दृश्य फाइल वाचून प्रत्येक ओळीपुढे चूक असल्यास तिचे वर्णन दाखवते. रीलोडच्या आधी त्याला एकदा विचारण्याची शिस्त ठेवावी.

तिसरा होकार यूएफडब्ल्यूचा. ही फायरवॉल आधीच बसवलेली असते, पण निष्क्रिय. तिची भाषा सुटसुटीत आहे. अमुक पत्त्यावरून ५४३२ ला परवानगी, असे जवळजवळ बोलल्यासारखे लिहिता येते आणि आयपीव्ही६ या नव्या धर्तीच्या पत्त्यांकडेही ती आपणहून पाहते. चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी देणे विसरू नये. चालू एसएसएच जोडणीत अडथळा येऊ शकतो, असा इशारा देऊन ती हो-नाही विचारते खरी, पण परवानगीचा नियम आहे की नाही हे तपासत नाही, आणि नेटप्लॅनसारखी परतीची वाटही ठेवत नाही. जाता जाता आणखी एक: त्याच सर्व्हरवर डॉकर (ॲप्लिकेशने वेगळ्या डब्यांत चालवणारे साधन) असेल, तर त्याने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. भाड्याच्या सर्व्हरला बाहेरून आणखी एक फायरवॉल असते, तिचाही होकार वेगळा घ्यावा लागतो.

हे सगळे झाल्यावर दुरून पहिली जोडणी करताना नकार आला, तर तो नीट वाचावा. या जोडीची खरी कारागिरी तिथे दिसते. बराच वेळ काहीच न होता मुदत संपली, तर फायरवॉलने पाकीट गिळले आहे. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले, तर वाट बहुधा मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. 'पीजी-एचबीए'त नोंद नाही असे उत्तर आले, तर पहिला आणि तिसरा होकार मिळालेला आहे. शिवाय या संदेशात पाहुण्याचा पत्ता, युजर, डेटाबेस आणि जोडणी सांकेतिक होती की उघडी, हे चारही तपशील असतात. तो पत्ता तुम्ही लिहिलेल्या पत्त्याशी ताडून पाहिला, की मधल्या राउटरने पत्ता बदलला आहे हेही तिथेच उघड होते. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला, तर तिन्ही होकार झाले समजावे. इतके नेमके बोलणारे सॉफ्टवेअर कमी आढळते. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हीच रचना थोडी वेगळी आहे: तिथे 'बाइंड-ॲड्रेस' ही एक ओळ आणि पुढे प्रत्येक खात्यातच पाहुण्याचा पत्ता, ज्यामुळे एकाच नावाची स्थानिक आणि बाहेरची अशी दोन निरनिराळी खाती संभवतात. तेही चालते, पण सारे नियम एका फाइलमध्ये वाचता येणे मला अधिक पसंत आहे.

सांकेतिकीकरणाच्या बाबतीत उबुंटूची बांधणी निम्मे काम करून देते. एसएसएल (जोडणी सांकेतिक करणारी व्यवस्था) चालू असते आणि यंत्रावरच तयार झालेले, 'स्नेकऑइल' नावाचे स्वतःच स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र जोडलेले असते. त्याने मजकूर झाकला जातो, समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे मात्र कळत नाही. 'पीजी-एचबीए'त नुसते 'होस्ट' लिहिले, तर उघडी जोडणीही चालते, म्हणून बाहेरच्या पाहुण्यांसाठी 'होस्ट-एसएसएल' लिहावे. पाहुण्याच्या बाजूला 'व्हेरिफाय-फुल' ठेवून खरे प्रमाणपत्र वापरावे. १६ च्या ग्राहक-ग्रंथालयात यंत्रणेची स्वतःची विश्वास-यादी वापरण्याची सोय आली असल्याने हे काम बरेच सुकर झाले आहे.

आणि तरीही, एखाद-दुसऱ्या माणसाला आपल्या यंत्रावरून तक्ते पाहायचे असतील, तर माझा कल एसएसएचच्या बोगद्याकडेच, म्हणजे एसएसएचच्या जोडणीच्या पोटातून डेटाबेसची जोडणी नेण्याकडेच, आहे. त्यात वरच्या तीन होकारांपैकी एकही नव्याने घ्यावा लागत नाही: पोस्टग्रेस स्थानिक पत्त्यावरच ऐकतो, ५४३२ जगाला दिसत नाही, आणि आलेली जोडणी १२७.०.०.१ वरून आल्यासारखी वाटते. पीजीॲडमिन आणि डीबीव्हर या दोन्ही साधनांत बोगद्याचा पर्याय आहे. किल्लीच्या ओळीत 'परमिट-ओपन' लिहून त्या माणसाचा बोगदा फक्त त्याच पोर्टपुरता ठेवता येतो. दुसऱ्या सर्व्हरवरचे ॲप्लिकेशन दिवसरात्र जोडलेले राहणार असेल, तेव्हा मात्र थेट जोडणीच बरी.

अशा थेट जोडणीत दोन मर्यादा लवकर समोर येतात. एकाच वेळी १०० जोडण्या ही मूळ कमाल आहे आणि त्यांतल्या तीन मुख्य प्रशासकासाठी राखीव असतात. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रक्रिया लागत असल्याने आकडा फुगवण्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारे साधन) ठेवणे शहाणपणाचे. दुसरी मर्यादा अंतराची. प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील आणि एक पान तयार करायला ५०० प्रश्न एकामागून एक विचारले जात असतील, तर दहा सेकंद नुसत्या जाण्यायेण्यात जातात, आणि त्यात दोष ना उबुंटूचा ना पोस्टग्रेसचा. निष्क्रिय जोडण्या मध्येच तुटत असतील, तर 'कीपअलाइव्ह'ची (जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याची) वेळ कमी करावी; लिनक्सची मूळ निवड दोन तासांची आहे आणि वाटेतली उपकरणे इतका धीर धरत नाहीत.

ज्याला टर्मिनलचे वावडे नाही आणि लॉग उघडून वाचण्याची सवय आहे, त्याला ही जोडी मी निःसंकोच सुचवीन. ज्याला बटणे दाबून काम उरकायचे आहे, त्याने व्यवस्थापित डेटाबेसची सेवा घ्यावी. घेणाऱ्याने पुढच्या दीर्घ आवृत्तीवर जाताना एवढे ध्यानात ठेवावे, की तिच्याबरोबर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती शेजारी बसते आणि तिचा रिकामा क्लस्टर (डेटाबेसांचा संच) ५४३३ वर उघडतो. जुना ५४३२ वर तसाच चालू राहतो. तो रिकामा क्लस्टर काढून 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' चालवला, की सामग्री, 'पीजी-एचबीए'चे नियम आणि पोर्ट हे सारे नव्या आवृत्तीकडे जाते आणि फायरवॉलचा नियम बदलावा लागत नाही.